कर्त्याचा शोध : एका आर्थिक अरिष्टाचा चौकशी-अहवाल

सरकारी अहवालाचे वाङ्मयीन परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. अहवाल सादर होतो, त्यावर दोन दिवस गदारोळ होतो, वृत्तपत्रांत निष्कर्षांचा गोषवारा येतो आणि मग तो ग्रंथालयाच्या सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसतो. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा करणाऱ्यांना तो आपला प्रांत वाटत नाही, आणि अर्थशास्त्रज्ञांना त्यातील आकड्यांपलीकडे काही वाचावयाचे नसते. तरीही आम्हांला असे वाटते की, चौकशीचा अहवाल हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. आणि या मासिकाच्या वाचकवर्गाला तर तो इतर कोणत्याही वाङ्मयप्रकारापेक्षा अधिक परिचयाचा आहे. घरापासून शेकडो मैल दूर, परप्रांतांतील कचेऱ्यांत बसून आपल्यापैकी बहुतेकांनी कवितांपेक्षा टिपणेच अधिक लिहिली आहेत, आणि त्यांवरून माणसांचे बरेवाईट झालेलेही पाहिले आहे.

या टिपणांतून वारंवार येणारे एक वाक्य आहे : 'दुर्लक्ष झाले.' भाषा इंग्रजी असो वा हिंदी, वाक्याची ठेवण हीच. शाळेतील व्याकरणाच्या गुरुजींनी या वाक्यातील कर्ता विचारला असता, तर 'दुर्लक्ष' असेच उत्तर द्यावे लागले असते. क्रिया घडली आहे, तिचे परिणामही घडले आहेत. पण ती करणारा मनुष्य वाक्यात कोठेच नाही. चौकशी-अहवालाचे वाङ्मयीन यशापयश आम्हांला याच एका प्रश्नाशी निगडित वाटते. घडलेल्या अनर्थाच्या वाक्याला त्याचा खरा कर्ता मिळवून देणे, हे त्या लेखनाचे प्रयोजन होय. या दृष्टीने आम्ही येथे अमेरिकेतील एका अहवालाचा विचार करणार आहोत. २००८ च्या आर्थिक अरिष्टाची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा हा अहवाल २७ जानेवारी २०११ रोजी प्रसिद्ध झाला. सहाशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ सरकारी छापखान्यातून निघाला, तसाच पुस्तकांच्या दुकानांतही विक्रीस आला.

आयोगाची घडण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मे २००९ मध्ये झालेल्या कायद्यान्वये दहा सभासदांचा हा आयोग निर्माण झाला. त्यांपैकी सहा डेमोक्रॅटिक पक्षाच्या संसदीय नेत्यांनी नेमलेले, तर चार रिपब्लिकन पक्षाच्या. अध्यक्ष फिल अँजेलिडीस हे कॅलिफोर्निया राज्याचे माजी खजिनदार. उपाध्यक्ष बिल टॉमस हे प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे माजी अध्यक्ष. आयोगाने सातशेहून अधिक साक्षीदारांच्या मुलाखती घेतल्या, एकोणीस दिवस जाहीर सुनावणी केली आणि लक्षावधी पानांचे कागद तपासले. शेवटी सहा सभासदांनी एक अहवाल लिहिला, तिघांनी मिळून एक भिन्नमतपत्रिका जोडली आणि पीटर वॉलिसन या चौथ्याने आपली वेगळीच जोडली. एकाच घटनेच्या तीन हकिगती एकाच बांधणीत वाचावयास मिळतात, हे समीक्षकाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

या ग्रंथाचा गाभा जाणून घ्यावयाचा असेल, तर पहिल्याच सुनावणीतील एक प्रसंग आठवावा. १३ जानेवारी २०१० रोजी गोल्डमन सॅक्स या पेढीचे प्रमुख लॉइड ब्लँकफाइन साक्षीस उभे होते. अरिष्टाची शक्यता आधी किती वाटत होती, हे समजावून देताना त्यांनी चक्रीवादळांचा दृष्टांत दिला. अध्यक्षांनी त्यांना तेथेच थांबविले. भूकंपाच्या विम्याचे काम पाहणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका मंडळावर आपण होतो, असे सांगून ते म्हणाले की, ईश्वरी आपत्तीला आम्ही सूट देऊ. परंतु ही कृत्ये स्त्रीपुरुषांनी केलेली आहेत. एका बाजूला वारा, पाऊस आणि दैव. दुसऱ्या बाजूला हातात लेखणी घेऊन सही करणारा मनुष्य. पुढील सर्व पाने या एका वादाचा विस्तार आहेत. हे अरिष्ट टाळता आले असते, हा बहुमताचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्षही त्यातूनच निघालेला आहे.

निवेदन म्हणून पाहता हा अहवाल असामान्य आहे. पाच भाग आणि बावीस प्रकरणे यांत कथानक रचले आहे : प्रथम क्षितिजावरील चिन्हे, मग रंगभूमीची सिद्धता, मग भरभराट व तिचा स्फोट, मग २००७ पासून सप्टेंबर २००८ पर्यंतची एकेक वीण उसवत जाण्याची हकिगत, आणि अखेरीस सामान्य माणसाच्या दारी पोचलेले धक्के. लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळे काढले आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीस वाचविण्यासाठी ८५ अब्ज डॉलरांचे सरकारी कर्ज जाहीर झाले. त्या दिवसांची वर्णने वाचताना शेवट ठाऊक असूनही वाचकाचा श्वास अडखळतो.

याहून अधिक मोल आम्ही त्यातील आकड्यांच्या निवडीला देतो. आकडा हा स्वभावतः मुका असतो. त्याला शेजार कोणता द्यावा हे ज्याला कळते, त्याच्या हातीच तो बोलू लागतो. मूडीज या पतमापन संस्थेने २००० ते २००७ या काळात गहाणकर्जांवर आधारलेल्या सुमारे ४५,००० रोख्यांना सर्वश्रेष्ठ प्रत दिली. एवढेच लिहिले असते, तर वाचकाने पान उलटले असते. परंतु लेखक लगेच सांगतात की, २०१० च्या आरंभी तीच प्रत अमेरिकेतील खाजगी क्षेत्राच्या केवळ सहा कंपन्यांपाशी होती. आणि २००६ साली ही संस्था कामाच्या प्रत्येक दिवशी असे ३० रोखे प्रमाणित करीत होती. त्या वर्षीच्या सर्वश्रेष्ठ रोख्यांपैकी ८३ टक्के पुढे खालच्या प्रतीत ढकलावे लागले. दररोज तीस! कोणत्याही परवाना-विभागात काम केलेल्या माणसाला या आकड्यामागचे टेबल, त्यावरील शिक्का आणि वर न पाहता तो मारणारा हात डोळ्यांपुढे दिसेल.

बेअर स्टर्न्स या पेढीचा ताळेबंदही असाच आहे. २००७ च्या अखेरीस तिचे स्वतःचे भांडवल ११.८ अब्ज डॉलर होते आणि देणे ३८३.६ अब्ज, त्यातही ७० अब्जांपर्यंतची रक्कम एका रात्रीच्या बोलीवर उसनी घेतलेली असे. म्हणजे रोज सकाळी नवा सावकार भेटला, तरच दुपारी दुकान उघडे राहणार. मोठ्या पाच गुंतवणूक-पेढ्यांची स्थिती त्या वर्षी अशी होती की, चाळीस डॉलरच्या मालमत्तेमागे स्वतःचा एकच डॉलर असावा, येथवर काहींची मजल गेली होती. मालमत्तेची किंमत तीन टक्क्यांनी उतरली की सारे भांडवल नाहीसे! येथे उपमा-अलंकारांची गरजच उरत नाही.

ज्यांनी आधी सावध केले, त्या माणसांनाही अहवालाने आदराने जागा दिली आहे. घरांच्या किमती ठरविणाऱ्या ११,००० मूल्यमापकांनी अर्जावर सह्या करून, सावकार आपणांवर फुगवलेल्या किमतींसाठी दडपण आणतात, असे वॉशिंग्टनला कळविले होते. गहाणकर्जांतील लबाडी साथीच्या रोगासारखी पसरेल, असा इशारा २००४ मध्ये केंद्रीय तपासखात्याने दिला होता. आपल्या परिचयाचे रघुराम राजन यांनीही २००५ मध्ये मध्यवर्ती बँकांच्या धुरीणांसमोर अशाच धोक्याचे विवेचन केले होते. सभासदांपैकीच एक, ब्रुक्सली बॉर्न, वायदेबाजाराच्या नियामक असताना १९९८ मध्ये डेरिव्हेटिव्हच्या अनियंत्रित व्यवहारांविरुद्ध बोलल्या होत्या. त्यांचे म्हणणे वरिष्ठांनी मोडून काढले आणि २००० सालच्या कायद्याने ते व्यवहार जवळजवळ मोकळे सोडले. दुर्लक्ष 'झाले' हे वाक्य येथे टिकत नाही. कागद आला होता, तो कुणीतरी वाचला होता, आणि वाचून बाजूस ठेवला होता.

असे असता, निष्कर्षांच्या प्रकरणात या लेखकांची लेखणी का थबकते, हे आम्हांला कोडे वाटते. कथेत माणसे आहेत. निष्कर्षांत ती हळूहळू विरघळू लागतात. नियमनातील अपयश, पेढ्यांच्या कारभारातील अपयश, अवाजवी कर्जबाजारीपणा, कर्जदानाच्या कसोट्यांची घसरण, उत्तरदायित्वाचा व नीतीचा ऱ्हास अशी भाववाचक नामांची एक रांग तेथे उभी राहते. फेडरल रिझर्व्हवर बोट ठेवताना भाषा पुन्हा स्पष्ट होते, हे खरे; कर्जदानाचे शहाणपणाचे नियम करण्याचा अधिकार हाती असून त्या बँकेने तो वापरला नाही, असे अहवाल निःसंदिग्धपणे म्हणतो. परंतु अन्यत्र दोषाची वाटणी इतकी विस्तृत होते की, कुणाच्याच वाट्याला पुरेसा दोष येत नाही. शेक्सपिअरच्या 'जूलिअस सीझर' नाटकातील ग्रहताऱ्यांना दोष न देण्याच्या विचाराचा आधार घेऊन लेखक दोष 'आपल्या सर्वांचा' असल्याचे सांगतात. नाटकात तो विचार मांडणारे पात्र एका विशिष्ट माणसाला एका विशिष्ट कृत्यास प्रवृत्त करीत असते. अहवालात मात्र त्याचे बहुवचन होते. 'आपण सर्व' हे 'दुर्लक्ष झाले' याचेच अधिक सुसंस्कृत रूप नव्हे काय?

ज्यांच्या नावे हे बहुवचन काढले आहे, त्यांची मोजदाद अहवालातच आहे. अहवाल लिहिला गेला तेव्हा २ कोटी ६० लाखांहून अधिक अमेरिकन लोक बेकार होते, पुरेसे काम न मिळालेले होते किंवा काम शोधणे सोडून बसलेले होते; सुमारे चाळीस लाख कुटुंबांची घरे जप्तीत गेली होती आणि आणखी पंचेचाळीस लाख त्या वाटेवर होती; कुटुंबांची जवळजवळ ११ लाख कोटी डॉलरांची संपत्ती नाहीशी झाली होती. हप्ता न परवडणाऱ्या ऋणकोचा दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण त्याने केलेली सही आणि रोज तीस रोख्यांवर शिक्का मारणाऱ्या संस्थेची सही एका 'आपण' मध्ये बसविणे, हा न्याय नव्हे.

आता भिन्नमतांकडे वळू. टॉमस, कीथ हेनेसी आणि डग्लस हॉल्ट्झ-ईकिन या तिघांचा मुख्य आक्षेप वाङ्मयीनच आहे, हे पाहून आम्हांला कौतुक वाटले. बहुमताचा अहवाल म्हणजे वाईट घटनांची मालिका आहे, कारणमीमांसा नव्हे, असे ते म्हणतात. 'राजा मेला, मग राणी मेली' एवढ्याने राणी कशाने मेली ते कळत नाही, तसाच हा प्रकार. घरांच्या किमती ब्रिटन, स्पेन, आयर्लंड येथेही फुगल्या. मग केवळ अमेरिकेच्या नियमांत कारण कसे सापडेल, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे आणि बहुमताने त्याला भरीव उत्तर दिलेले नाही. परंतु त्यांनी स्वतः दिलेली दहा कारणे वाचावीत. पतपुरवठ्याचा बुडबुडा, घरांचा बुडबुडा, कर्जाचा अतिरेक, संसर्गाचा धोका, सर्वांना एकदम बसलेला धक्का, घबराट : कारणे नेटकी आहेत, पण ती वाचताना ब्लँकफाइनच्या वादळाची आठवण होते. बुडबुडा फुगतो, धक्का बसतो, घबराट पसरते. माणूस येथे केवळ सोसणारा आहे.

वॉलिसन यांच्या पत्रिकेत मात्र कर्ता आहे, आणि तो एकच आहे : सरकार. गरिबांना घरे मिळावीत या धोरणापायी २ कोटी ७० लाख धोक्याची कर्जे निर्माण झाली; ती नसती तर अरिष्टच आले नसते, असे ते ठामपणे मांडतात. त्यांच्या गद्याला जी धार आहे ती या एककर्तृत्वामुळेच. पण धोक्याच्या कर्जाची त्यांची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की, तिच्यात निम्मा देश सामावतो. आणि स्वतःच्या फायद्यासाठी ते रोखे विकत घेणाऱ्या पेढ्या त्यांच्या कथेतून जवळजवळ अदृश्य होतात. त्यांच्या बाजूचे दुसरे तिघेही त्यांच्याबरोबर गेले नाहीत, हे बोलके आहे.

शब्दांचा हा झगडा किती टोकाला गेला होता, याची एक हकिगत त्या वेळी वृत्तपत्रांतून आली. अहवालाचे काम संपत आले असता, डिसेंबर २०१० मध्ये, 'वॉल स्ट्रीट', 'छाया-बँकव्यवहार', 'परस्परसंबंध' आणि 'नियमन-शिथिलीकरण' हे शब्द त्यात वापरू नयेत असा प्रस्ताव आला व चारही रिपब्लिकन सभासदांनी त्याच्या बाजूने मत दिले, असे ते वृत्त होते. तो प्रस्ताव फेटाळला गेला. शब्द निरुपद्रवी असते, तर त्यांच्यावर मतदान घेण्याची वेळ आली नसती. वाङ्मयाचे सामर्थ्य काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही यापुढे हा दाखला देणार आहोत.

अशा चौकशीला कर्ता सापडूच शकत नाही काय? सापडतो, याची दोन उदाहरणे आहेत. १९२९ च्या कोसळण्यानंतर अमेरिकी सिनेटच्या समितीने १९३२ ते १९३४ या काळात चौकशी केली. फर्डिनांड पेकोरा हे वकील तिच्या कामावर आले, तेव्हापासून तिचा सूर पालटला. पेकोरांनी सिद्धांत मांडले नाहीत. समोर बसलेल्या माणसाला तुम्ही कोणती सही केली, कोणता कर भरला, एवढेच ते विचारीत गेले. नॅशनल सिटी बँकेचे चार्ल्स मिचेल यांना फेब्रुवारी १९३३ मध्ये साक्षीनंतर थोड्याच दिवसांत राजीनामा द्यावा लागला. बँका व रोखेबाजार यांचे नवे कायदे त्या चौकशीच्या काळातच झाले. उलट आपल्या या आयोगाचा अहवाल बाहेर पडला, त्याच्या सहा महिने आधी, २१ जुलै २०१० रोजी, सुधारणेच्या कायद्यावर सही होऊन गेली होती. ज्या ग्रंथाची वाट न पाहता उपाय ठरविला जातो, त्या ग्रंथाने काय करावे?

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. मुंदडा प्रकरण हे देशव्यापी अरिष्ट नव्हते. आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये एका उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत गुंतविलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा तो प्रश्न होता. परंतु मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी १९५८ च्या आरंभी केलेली ती चौकशी या वाङ्मयप्रकाराचा आदर्श म्हणून आम्ही पुढे करू. एकच न्यायाधीश, खुली सुनावणी, आणि काही आठवड्यांत अहवाल. व्यवहार आपल्या संमतीने झाला नाही, असे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचे म्हणणे होते. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच राहते, ती त्याला झटकता येणार नाही, असे छागलांनी स्वच्छ लिहिले. त्याच फेब्रुवारीत मंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या निर्णयात कुणावर अन्याय झाला की काय, याविषयी पुढे मतभेद झाले आणि अधिकाऱ्यांच्या वर्तनाचा विचार वेगळ्या मंडळाकडे गेला. पण वाक्याला कर्ता होता म्हणूनच तो मतभेद शक्य झाला. कर्तृहीन वाक्याशी वादही घालता येत नाही.

प्रश्न छोटा असला की कर्ता सापडतो, मोठा झाला की हरवतो, असा कुणी याचा अर्थ लावील. तो पूर्ण खरा नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या आयोगाचे बरेच कागद खुले केले. त्यांवरून असे दिसले की, काही पेढ्या व काही नामांकित व्यक्ती यांच्याविषयी कायदेभंगाचा संशय आयोगाने न्यायखात्यास गुप्तपणे कळविला होता. म्हणजे कर्ता सापडला होता. तो फक्त छापील ग्रंथात आला नाही. फौजदारी संशयाची नावे शहानिशेपूर्वी छापू नयेत, हा संकेत आम्हांस मान्य आहे. पण त्यानंतर मोठ्या पेढ्यांच्या अग्रणींपैकी कुणीही तुरुंगात गेला नाही. आणि वाचकाच्या हाती राहिले ते 'आपण सर्व'. सहाशे पानांच्या या विलक्षण ग्रंथाचे अपयश येथे आहे. त्याने दैवाला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडविले. मात्र रिकाम्या झालेल्या त्या पिंजऱ्यात कुणालाच उभे केले नाही.

हा दोष दुसऱ्यांच्या पदरात टाकून मोकळे होण्याचा अधिकार आम्हांला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कचेरीतील रकमेच्या तुटीची चौकशी आमच्याकडे आली होती. कोणत्या साहेबाने तपासणी न करता कागदांवर सह्या केल्या, ते आम्हांला ठाऊक होते. आम्ही लिहिले, 'पर्यवेक्षणात शैथिल्य आढळून येते.' टिपण समतोल असल्याचा शेरा वरून आला आणि आम्ही सुखावलो. पुढे कळले की, कारवाई एका कनिष्ठ कारकुनावर झाली. कारण जोडपत्रात रोकडवही लिहिणारा म्हणून त्याचे एकट्याचे नाव होते. वाक्यात आम्ही कर्ता ठेवला नव्हता, म्हणून कुणीतरी जोडपत्रातून तो शोधून काढला होता. त्या माणसाचा चेहरा आम्हांला अजून आठवतो. अमेरिकेतील तो जाडजूड ग्रंथ वाचताना, निष्कर्षांच्या पानांवर, तो वरचेवर आठवत होता.